विश्लेषण : प्रकाश ‘शिकतो’ तेव्हा तो नेमका कोणाकडून शिकतो?

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साडी पसंत पडली, की ती उचलून दाराशी नेऊन पाहण्याची पद्धत जुनी आहे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली रंग एक दिसतो, बाहेरच्या उन्हात दुसराच. डोळे तेच, साडी तीच. बदलतो तो फक्त उजेड. काय पाहायचे आहे, त्यावर कोणत्या उजेडात पाहायचे हे ठरते, हे ग्राहकाला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र ही जाण आता कुठे येऊ लागली आहे. वस्तूवर कोणत्या दिशेने, किती आणि कसा प्रकाश टाकायचा हे माणसाने ठरवण्याऐवजी हजारो प्रतिमांच्या डेटावरून संगणकानेच शोधून काढायचे, हे संशोधन गेल्या दहाएक वर्षांत आकाराला आले. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक हिवतापाच्या परजीवीवर झाला. त्यामुळे हा विषय परदेशी प्रयोगशाळांपुरता उरत नाही. तो गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत येऊ शकतो. तो येण्यापूर्वी काही प्रश्न विचारून ठेवायला हवेत.

छायाचित्र ‘काढायचे’ की गणिताने ‘सोडवायचे’?

नेहमीच्या कॅमेऱ्यात भिंग प्रतिमा तयार करते आणि सेन्सर ती टिपतो. संगणकीय प्रतिमांकनात सेन्सरवर जे पडते ते ओळखू येण्यासारखे चित्र असेलच असे नाही. ते एक कोडे असते आणि गणिताने ते सोडवल्यावर चित्र मिळते. याचे भव्य उदाहरण पुणेकरांच्या शेजारीच आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातली एकही आकाशाचा ‘फोटो’ काढत नाही. दोन-दोन अँटेनांच्या जोड्या लावून (अशा ४३५ जोड्या होतात) त्यांच्या संकेतांची तुलना केली जाते आणि दूरच्या दीर्घिकेची प्रतिमा संगणकात घडते. म्हणूनच अँटेना कुठे उभ्या करायच्या, हा तिथे प्रतिमेच्या गुणवत्तेचाच प्रश्न असतो. १४ अँटेना मध्यभागी आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या भुजांवर दूरवर, ही रचना त्यासाठीच केलेली आहे.

खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्याचा दिवा बदलता येत नाही, अँटेनांची मांडणी तेवढी ठरवता येते. सूक्ष्मदर्शकाखालच्या रक्ताच्या थेंबाचे तसे नाही. तिथे दिवाही आपल्याच हातात असतो. हा दिवा कसा लावायचा, याचा विचार मात्र फार काळ झाला नाही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘इमेज प्रोसेसिंग’ घेतलेल्या कोणालाही हे आठवेल. प्रयोगासाठी आधीच काढलेले एक चित्र हाती यायचे. त्यातला ‘नॉइज’ काढा, कडा शोधा, गुण मिळवा. ते काढताना उजेड कुठून आला होता, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

दिव्याची जागा बदलल्याने एवढा काय फरक पडतो?

भिंतीला पुट्टी लावल्यावर अनुभवी रंगारी बल्ब भिंतीच्या अगदी लगत धरतो. समोरून पाहताना गुळगुळीत वाटणारी भिंत तिरप्या उजेडात आपले सगळे उंचवटे दाखवते. सूक्ष्मदर्शकातही हेच घडते. बहुतेक जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असतात. सरळ खालून आलेला प्रकाश त्यांच्यातून आरपार निघून जातो आणि फारसे काही दिसत नाही. प्रकाश तिरपा आला, की पेशीच्या कडा आणि आतले बारकावे उठून दिसतात. रंगद्रव्याने पेशी रंगवण्याची पद्धत रूढ झाली तीही याच अडचणीमुळे.

आता एका दिव्याऐवजी शंभर-दोनशे छोट्या एलईडींची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली बसवली, तर? कोणता एलईडी लावायचा, कोणता विझवायचा, कोणता मंद ठेवायचा, याच्या अगणित शक्यता तयार होतात. अमेरिकेतील कॅलटेकमधील संशोधकांनी २०१३ मध्ये अशी जाळी वापरून दाखवले, की वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतलेल्या अनेक साध्या प्रतिमा गणिताने जोडल्या, तर स्वस्त भिंगातूनही खूप मोठ्या क्षेत्राची अतिशय बारीक प्रतिमा मिळते. यातला सर्वांत साधा भाग म्हणजे एलईडीची जाळी. तशी जाळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फेरी मारली तरी मिळेल. अवघड आहे ते योग्य प्रकाशरचना शोधणे.

यात पुण्याचा धागा कोणता?

‘प्रकाश हा कॅमेऱ्याचाच भाग आहे’ हा विचार जगभर रुजवणाऱ्यांत रमेश रासकर यांचे नाव ठळक आहे. मूळचे नाशिकचे रासकर हे पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. पुढे अमेरिकेत पीएचडी करताना १९९८ मध्ये ते ‘ऑफिस ऑफ द फ्यूचर’ या संशोधनात सहभागी होते. खोलीतील वस्तूंचा आकार मोजण्यासाठी प्रोजेक्टरने भिंतींवर आकृत्या टाकायच्या, पण लगेच त्याची उलट आकृती इतक्या झटपट टाकायची, की माणसाच्या डोळ्याला फक्त साधा उजेड दिसावा, अशी त्यामागची एक कल्पना होती.

२००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भिंगाभोवती चार फ्लॅश बसवलेला कॅमेरा मांडला. फ्लॅश एकामागून एक उडवायचे. प्रत्येक वेळी वस्तूच्या कडेची सावली वेगळ्या बाजूला पडते. चारही प्रतिमा ताडून पाहिल्या, की वस्तूची खरी कड कोणती आणि तिच्यावर नुसती रंगवलेली रेघ कोणती, हे यंत्राला कळते. पुढे ‘एमआयटी’च्या मीडिया लॅबमध्ये त्यांच्या गटाने प्रकाशाचा प्रवास टिपणारे फेम्टो छायाचित्रण आणि कोपऱ्याआडची वस्तू ‘पाहण्याचे’ तंत्र जगासमोर आणले. २०१६ मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये याच गटाने भिंगाशिवाय प्रतिमा मिळवण्याचे तंत्र सादर केले. त्यात अतिवेगवान सेन्सर होता आणि कोणत्या प्रकाशरचना टाकल्या तर कमीत कमी वेळा प्रकाश टाकावा लागेल, याचे गणितही होते. परिणामी हे काम सुमारे ५० पट कार्यक्षम झाले.

या प्रवासातील पायऱ्या लक्षात घेण्यासारख्या आहेत. २००४ मधील चार फ्लॅशच्या जागा माणसाच्या सूझबुझीतून ठरल्या होत्या. २०१७ मधील प्रकाशरचना गणिती सूत्रातून आल्या. त्यापुढची पायरी म्हणजे सूत्रही न देता फक्त उदाहरणे द्यायची आणि प्रकाशरचना यंत्राला शोधू द्यायची.

प्रकाश डेटावरून ‘शिकतो’ म्हणजे काय होते?

रोअर्क हॉर्स्टमायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला हिवतापाचा प्रयोग यासाठी समजून घ्यायला हवा. आधी रक्ताच्या काचपट्टीची प्रतिमा एका वेळी एकच एलईडी लावून घेतली जाते. एलईडी शंभर असतील, तर प्रतिमा शंभर. इथे भौतिकशास्त्राचा एक सोपा नियम मदतीला येतो. वेगवेगळ्या एलईडींचा प्रकाश सेन्सरवर नुसता बेरजेने जमा होतो. म्हणजे दहा एलईडी एकत्र लावल्यावर जी प्रतिमा आली असती, ती दहा सुट्या प्रतिमांची बेरीज करून संगणकातच मिळते. एखादा एलईडी निम्म्या तेजाने लावायचा असेल, तर त्याची प्रतिमा निम्मी करून मिळवायची. त्यामुळे प्रत्यक्षात दिवे न लावता हव्या तितक्या प्रकाशरचना तपासून पाहता येतात.

आता प्रत्येक एलईडीचे तेज हा एक आकडा मानायचा आणि तो न्यूरल नेटवर्कच्या पहिल्याच थरात ठेवायचा. नेटवर्कला सांगायचे, ‘या पेशीत परजीवी आहे, त्या पेशीत नाही, ओळखायला शिक.’ उत्तर चुकले, की नेटवर्क आपले आतले आकडे थोडे बदलते. त्या बदलात दिव्यांचे तेजही बदलते. अशा असंख्य फेऱ्यांनंतर दोन गोष्टी एकदमच तयार होतात. एक म्हणजे परजीवी ओळखणारी आज्ञावली आणि दुसरी म्हणजे तिला ओळखायला सर्वांत सोपे जाईल असा उजेड. कधी गणितातून एखाद्या एलईडीचे तेज ‘उणे’ येते. उणे प्रकाश कसा टाकणार? त्यावर उपाय असा, की दोन प्रतिमा घ्यायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची. अशा शिकलेल्या प्रकाशात परजीवी ओळखण्याची अचूकता नेहमीच्या आणि इतर प्रकाशरचनांपेक्षा ५ ते १० टक्क्यांनी अधिक आल्याचे या संशोधकांनी नोंदवले. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातील गटाने आणखी एक पाऊल टाकले. पहिली प्रतिमा पाहून पुढचा उजेड कोणता लावायचा, हे यंत्रच ठरवेल अशी ही व्यवस्था होती.

हे फक्त सूक्ष्मदर्शकापुरते आहे का?

नाही. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एकच पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यासाठी प्रकाशरचना नेटवर्ककडून शिकवून घेतल्या. १२८ बाय १२८ बिंदूंच्या चित्रासाठी एरवी १६ हजारांहून अधिक मोजमापे लागतात. त्यांनी सुमारे दोन टक्के मोजमापांत काम भागवले आणि सेकंदाला ३० चित्रे मिळवली. अवरक्त किरणांसारख्या ज्या भागात लाखो पिक्सेलचे सेन्सर महाग पडतात, तिथे याचे मोल मोठे आहे.

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांनाही हा विषय परका नाही. सुट्या भागावर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकायचा आणि पट्ट्या कुठे वाकल्या ते पाहून भागाचे मोजमाप घ्यायचे, हे तंत्र वाहन उद्योगात रुळलेले आहे. ‘आयफोन’चा चेहरा ओळखणारा भागही २०१७ पासून चेहऱ्यावर ३० हजारांहून अधिक अदृश्य ठिपके टाकतो. कारखान्यातली अडचण येते ती चकाकणाऱ्या धातूची. प्रकाश इकडून तिकडे परावर्तित होतो आणि मोजमाप चुकते. म्हणून अशा भागावर आधी पांढऱ्या पावडरीचा फवारा मारतात, मोजमाप झाल्यावर तो पुसतात. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ आणि २०२० मध्ये दाखवले, की पट्ट्यांची रचना पाठ्यपुस्तकातून न घेता त्या-त्या कॅमेरा-प्रोजेक्टरसाठी यंत्राकडूनच घडवून घेता येते. प्रोजेक्टर रचना टाकतो, कॅमेरा चूक मोजतो, रचना थोडी बदलते, आणि हे चक्र फिरत राहते. लहान कारखानदाराला साध्या कॅमेऱ्यातून नेमके मोजमाप मिळणार असेल, तर त्याला यात रस असणारच.

गडचिरोलीशी याचा संबंध कसा?

देशाने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि महाराष्ट्रात या लढाईचे मुख्य मैदान गडचिरोली आहे. तिथे आशा कार्यकर्त्या झटपट चाचणीचे किट वापरतात आणि त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र किटमुळे सूक्ष्मदर्शक अडगळीत गेलेला नाही. रक्तात परजीवी किती आहेत हे किट सांगत नाही. शिवाय फाल्सिपेरमचा रुग्ण उपचाराने बरा होत आला, तरी काही किट बरेच दिवस ‘पॉझिटिव्ह’ दाखवत राहतात. शंका असेल तिथे काचपट्टीकडे वळावेच लागते.

काचपट्टी तपासणे हे कष्टाचे काम आहे. तेलात बुडवलेल्या भिंगाखाली साधारण शंभर दृश्यक्षेत्रे पाहून झाल्याशिवाय ‘परजीवी नाहीत’ असे म्हणू नये, असा दंडक आहे. पावसाळ्यात काचपट्ट्यांचा ढीग लागतो आणि तंत्रज्ञ मोजकेच असतात. थकलेल्या डोळ्यांना मदत करणारा स्वस्त, हुशार सूक्ष्मदर्शक मिळाला, तर तो हवाच आहे. या तंत्राला विरोध करण्याचे काहीच कारण नाही.

मग चिंता कशाची?

तयार छायाचित्र वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता चुकली, तरी छायाचित्र मागे उरते. डॉक्टर ते पुन्हा पाहू शकतात. दहा वर्षांनी अधिक चांगली आज्ञावली आली, तर तीही तेच छायाचित्र नव्याने वाचू शकते. शिकलेल्या प्रकाशाचे तसे नाही. त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला शिकवले आहे, त्याच प्रश्नाला सोयीची माहिती तो टिपतो. बाकीची माहिती सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. हिवतापासाठी घडवलेल्या उजेडात त्याच रक्तातला दुसरा आजार फिका दिसू शकतो. न टिपलेली माहिती पुढे कितीही मोठा संगणक लावला तरी परत मिळत नाही.

दुसरी चिंता आहे ती शिकवण्याच्या डेटाची. आपल्याकडे हिवतापाच्या तपासणीत जेएसबी रंगद्रव्य मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, तर जगातील बऱ्याच प्रयोगशाळांत गिम्सा. रक्ताचा थर कुठे पातळ असतो, कुठे जाड. काचपट्टीवर धूळ असते, रंग कधी गडद होतो, कधी उतरतो. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ काचपट्ट्यांवर शिकलेला उजेड भामरागडच्या काचपट्टीवर तसाच उपयोगी पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. वर सांगितलेली ५ ते १० टक्क्यांची वाढ ही प्रयोगातली आहे, दवाखान्यातली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

ही भीती कल्पनेतली आहे का?

करोनाच्या काळात पुण्यात घराघरांत पोहोचलेला ऑक्सिमीटर आठवा. बोटावर दोन रंगांचा प्रकाश टाकायचा आणि किती शोषला गेला त्यावरून रक्तातील प्राणवायू सांगायचा, एवढेच त्याचे काम. त्याच्या एका आकड्यावर रुग्णाला खाट मिळणार की नाही, हे ठरत होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणवायू प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवला, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा घडले, असे त्यात आढळले. या यंत्राला न्यूरल नेटवर्क शिवलेलेही नव्हते. तरीही ज्यांच्या त्वचेवर ते पुरेसे तपासले गेले नव्हते, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. हे यंत्र दशकानुदशके वापरात होते आणि ही उणीव जगाच्या चर्चेत यायला महासाथ यावी लागली. त्या यंत्राचे दोनच प्रकाश होते आणि ते का निवडले, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले होते. डेटावरून शिकलेल्या शेकडो दिव्यांच्या रचनेचे ‘का’ कोणालाच नीट सांगता येत नाही. तिथली चूक शोधायला किती काळ लागेल?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे साध्या उजेडातली एक प्रतिमा नेहमी सोबत जपायची. एक जादा प्रतिमा घ्यायला क्षणभर लागतो आणि साठवायला थोडी जागा. त्या बदल्यात चूक पुन्हा तपासण्याची वाट खुली राहते. सरकारी खरेदीच्या निविदेत ही अट घालणे अवघड नाही.

दुसरी, शिकवण्यासाठी आपल्याच काचपट्ट्या हव्यात. राज्यात दरवर्षी लाखो रक्तनमुने तपासले जातात. हिवताप विभागाचे सहसंचालक कार्यालय पुण्यात आहे, ‘बी. जे.’सारखे वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय पुण्यात आहे, सीओईपी आणि आयसर पुण्यात आहेत. तज्ज्ञांनी तपासलेल्या काचपट्ट्यांच्या प्रतिमांचा, एकेका एलईडीखाली घेतलेला, रुग्णाची ओळख काढून टाकलेला संच या संस्थांनी मिळून उभा केला, तर त्याची किंमत एखाद्या परदेशी यंत्रापेक्षा जास्त ठरेल. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा त्यासाठी चौकट देतो. तो संच एखाद्या कंपनीला परस्पर देऊन टाकण्याऐवजी सार्वजनिक मालकीचा ठेवावा.

तिसरी, मंजुरी देताना यंत्र आणि आज्ञावलीबरोबर प्रकाशरचनाही तपासली गेली पाहिजे. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यांत सॉफ्टवेअरही, औषधांप्रमाणे नियमनाखाली आली आहेत. उद्या एखाद्या कंपनीने ‘अपडेट’ म्हणून दिव्यांची रचना बदलली, तर यंत्र बाहेरून तेच दिसेल. पण त्याची नजर बदललेली असेल. हा बदल नोंदवणे आणि पुन्हा तपासणे बंधनकारक हवे.

रासकरांसारखे विद्यार्थी इथून बाहेर पडून जगाला नव्या नजरेने पाहायला शिकवतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्या तंत्रातून घडलेले यंत्र परत आपल्याच आरोग्य केंद्रात येते, तेव्हा त्याच्यासमोर आपण केवळ ग्राहक म्हणून उभे राहायचे का, हा खरा प्रश्न आहे. चांगला ग्राहकसुद्धा साडी दाराशी नेऊन पाहतो. भामरागडच्या तंत्रज्ञापुढे नवे यंत्र ठेवताना त्याला निदान एवढे विचारण्याचा अधिकार असला पाहिजे, की हा उजेड कोणाच्या रक्ताच्या थेंबावर शिकला आहे? या प्रश्नाचे लेखी उत्तर खरेदीच्या कागदपत्रात जोडलेले असावे. सुरुवात तिथून करता येईल.